माझ्या नावाची दुसरी सही

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चिंच फोडणं. आमच्या हैदराबादेत वर्षाची चिंच उन्हाळा लागता लागता घरात येते. चिंचेशिवाय इथं ना वरण होतं, ना माणसाला जेवल्यासारखं वाटतं. गौलीगुड्याच्या नेहमीच्या दुकानातून पाच किलो आणली होती. गच्चीवर जुनं लुगडं अंथरलं. ती बत्त्यानं फोडायची, मी चिंचोके काढायचे. शिरा ओढायचं काम तिनं मला कधीच दिलं नाही.

"तुमच्या हातून निम्मी चिंच शिरेबरोबर जाते," म्हणायची.

"सरकारी माणूस आहे मी. निम्मं काम केलं तरी पगार पुरा."

"मग निम्मं जेवा."

दुपारभर असंच चाललं. तिनं मीठ लावून गोळे केले, बरण्या भरल्या, हात धुतले आणि म्हणाली, यंदाची चिंच बरी निघाली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली नाही. हृदय बंद पडलं. मी चहाला दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही. एवढं सांगून पुढं जातो. रडत बसायचं असतं तर घरी बसलो असतो, लिहायला कशाला बसलो असतो.

मी सातवी नापास. नोकरी मात्र अशा ठिकाणी केली की भलेभले एम.ए. झालेले मला विचारायचे, "बघ रे, ही सही खरी वाटते का?" सरकारी प्रयोगशाळेत मी अटेंडर होतो, कागदपत्रांच्या सेक्शनला. कोर्टाकडून, पोलिसांकडून भांडणाचे कागद लाखेचा शिक्का मारलेल्या पाकिटात यायचे. कोणाच्या मृत्युपत्रावरची सही, कोणाच्या चेकवरची, कोणाच्या प्रेमपत्राखालची. ती खरी का खोटी हे तिथले साहेब लोक ठरवायचे. मी पाकिटं उचलायचो, दिवे लावायचो, भिंगं पुसायचो, चहा आणायचो. पण कान तर माझेच होते. तीस वर्षांत कानांतून जे आत गेलं ते शाळेत डोळ्यांतून कधी गेलं नव्हतं.

लोकांना वाटतं, दोन सह्या हुबेहूब जुळल्या की खरी. उलट आहे. माणूस स्वतःची सही दोनदा सारखी करूच शकत नाही. आज पाय दुखतोय, उद्या घाई आहे, परवा टेबल हलतंय. काचेखाली दिवा लावून दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या आणि केसाचाही फरक दिसला नाही, तर समजायचं एक दुसरीवरून गिरवलीय. खरी सही माणूस लिहितो. खोटी सही माणूस चितारतो. चितारणारा मध्ये थांबतो, नमुन्याकडं बघतो, पेन उचलतो, पुन्हा टेकवतो, एखादी रेघ नंतर दुरुस्त करतो. रेघ सगळीकडं सारखी जाड येते, टोकाला निमुळती होत नाही. आमचे मोठे साहेब म्हणायचे, चोर चालताना पायाकडं बघतो, मालक बघत नाही.

हे सगळं ज्ञान मी घरी येऊन हिला सांगायचो. ती पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "हौ हौ. आता तेवढं पीठ चाळून द्या."

आता हॉस्पिटलचं सांगतो, कारण भांडण तिथून आलं.

गेल्या थंडीत तिला दम लागायला लागला. दाखवलं तर हृदयाच्या तीन नसा बंद. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन. मी म्हणालो, करा. आमची एकुलती एक लेक तेव्हा कंपनीच्या कामानं तीन आठवडे परदेशात होती. ती फोनवर म्हणाली, करा. ही काहीच म्हणाली नाही. शेजारच्या खाटेवर एक बाई ऑपरेशन करून आणली होती, नाकात नळी, छातीत नळी, बाजूला पिशवी. ही दिवसभर तिच्याकडं बघायची.

तिसऱ्या दिवशी मी घरी अंघोळीला आणि डबा आणायला गेलो. चारला परत आलो तर ही खाटेवर मांडी घालून बसलेली, वेणी घातलेली.

"डॉक्टर येऊन गेले," म्हणाली. "म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही. गोळ्यांवर भागतंय. उद्या घरी."

"असं कसं? कालच तर म्हणाले..."

"काल काल होता. आज मोठे डॉक्टर आले होते."

"मी विचारून येतो."

"ते ऑपरेशनला आत गेलेत. चार लोकांत जाऊन काय विचारणार? बसा, डबा उघडा."

बसलो. डबा उघडला. सगळ्या जन्मात साहेबाला उलटा प्रश्न विचारायची सवय नाही, तिथं काय विचारणार? खरं सांगू, मला आनंदच झाला होता. संध्याकाळी बाहेर पडून आबिड्सच्या बाजारातून पावशेर जिलबी घेऊन आलो, तिला चालत नाही हे माहीत असून. तिनं एक तुकडा तोंडात टाकला आणि बाकीची नर्सला दिली.

घरी आली. लेक परत आली तेव्हा तिलाही हेच सांगितलं. हॉस्पिटलची फाईल कपाटात कुठंतरी गेली. ती गेली त्याच्या तेराव्या दिवशी लेक साड्या काढत होती, कोणाला काय द्यायचं ते बघत. सगळ्यात खालच्या नऊवारीखाली ती फाईल निघाली.

लेक शिकलेली, इंग्रजी भरभर वाचते. उभ्यानं वाचलं आणि खाली बसली. मग एक कागद माझ्यापुढं धरला. हॉस्पिटलचा छापील कागद होता, मराठीत सांगायचं तर असा: डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आहे, आम्हाला ते नको आहे, पुढं काही झालं तर जबाबदारी आमची. खाली रुग्णाची सही, तिची. त्याखाली नवऱ्याची सही.

नवऱ्याची म्हणजे माझी. माझं पूर्ण नाव, आडनावासकट, मराठीत, निळ्या पेनानं.

"ही मी नाही केली," मी म्हणालो.

"बाबा."

"नाही केली म्हणतो ना! मला तर डॉक्टर नको म्हणाले म्हणून सांगितलं तिनं."

"बाबा, सही तुमची आहे. दहा वर्षं प्रगतीपुस्तकावर बघितलीय मी. मला ओळखू येत नाही का?"

"मी केलेली सही मला ओळखू येत नाही का?"

तिनं कागद फाईलवर ठेवला. मग जे म्हणाली ते अजून कानात आहे. "तुम्ही घाबरला असाल. समजू शकते मी. आईनं हट्ट केला असेल, तुम्ही हो म्हणाला असाल. पण आता खोटं का बोलता?"

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं समजून घेतलं, हेच वाईट. त्या दिवसानंतर ती गौलीगुड्याला, आमच्या घरी, आली नाही. रोज संध्याकाळी फोन करायची.

"गोळी घेतली?"

"घेतली."

"बरं."

झालं. बापलेकीचं एवढंच बोलणं उरलं. बायको गेली ते गेलीच, आता लेकही चालली, आणि तीही एका सहीपायी. तीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांच्या खोट्या सह्यांची पाकिटं उचलली, त्याच्या नावावर खोटी सही! मला खात्रीच होती की हॉस्पिटलमधल्या कोणीतरी कागद पुरा करायला ठोकून दिली. मनातल्या मनात मी त्यांना रोज कोर्टात उभं करायचो.

शेवटी मी मॅडमकडं जायचं ठरवलं. आमच्या सेक्शनला एक मॅडम होत्या. नव्या आल्या तेव्हा चोवीस वर्षांच्या, पहिल्या दिवशी कँटीन कुठं आहे ते मीच दाखवलं. पुढं सेक्शनच्या प्रमुख झाल्या. आता रिटायर होऊन काचीगुड्याला घरीच वकिलांची कामं बघतात. त्या तेलुगू, मी मराठी. आमचं तीस वर्षांचं बोलणं दखनीत, म्हणजे हैदराबादी हिंदीत. इथं मराठीत लिहितो, पण मधूनमधून त्यांचा आवाज तसाच ठेवतो.

रिकाम्या हातानं गेलो नाही. नियम मला पाठ. भांडणाची सही तपासायची तर तिच्याशी जुळवायला नमुने लागतात, आणि नमुने भांडणाच्या आधीचे लागतात, सहज केलेले, तेव्हा कोणाच्या मनातही कोर्ट नसताना. मी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. लेकीची सगळी प्रगतीपुस्तकं निघाली. गॅसचं जुनं पुस्तक. रजिस्टर पत्राच्या पोचपावत्या. नळाला पाणी येत नाही म्हणून केलेल्या अर्जांच्या प्रती, त्या तर ढीगभर. सगळीकडं माझी सही. वीस-बावीस कागद निवडले, तारखेप्रमाणं लावले, खाकी पाकिटात घातले. जुनी सवय, घरात लाख होती, शिक्काही मारला.

मॅडमनी पाकीट बघितलं आणि हसत सुटल्या. "क्या भाई! खुद के घर का केस, तोबी सील मारके लाए?"

"सील नसलं तर तुम्हीच परत पाठवायचात."

मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. ही गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. "भाभी के हात की इमली की चटनी," एवढंच म्हणाल्या आणि थोडा वेळ चष्मा पुसत बसल्या. मग एकदम ऑफिसातल्यासारख्या झाल्या. भांडणाचा कागद माझ्या हातातून काढून घेतला, उलटा ठेवला.

"आता बघायचा नाही. बसा. सही करा."

तिथून माझी शिक्षा सुरू झाली. एका कागदावर एक सही, की कागद उचलून नेणार. बसून करा. उभं राहून करा. पाटीवर धरून करा. हळू करा. भरभर करा. मला सगळे डाव ठाऊक होते, दुसऱ्यांवर चालताना पाहिलेले. माणूस मुद्दाम वेगळी सही करत असेल तर किती वेळ करेल? दहाव्या-बाराव्याला थकतो आणि स्वतःवर येतो. पण मी तर मुद्दाम काहीच करत नव्हतो. विसाव्या सहीला माझं नाव मलाच परकं वाटायला लागलं. आडनाव तर कोणा शेजाऱ्याचं असावं तसं.

"भाई, तुमची सही म्हणजे लग्नाचा मांडव घालावा तशी," त्या म्हणाल्या. "एक खांब, विश्रांती. दुसरा खांब, विश्रांती."

"सातवी नापास आहे मी."

"ऑफिसात असा कोणता कागद आहे, की ज्यावर तुम्ही कोणाच्या समोर सही केली?"

होता. पेन्शनच्या कागदांची प्रत, सुपरिंटेंडेंटच्या टेबलावर केलेली. ती माझ्या पिशवीत वेगळी होती, आधारकार्डाबरोबर. दिली.

मग त्या आतल्या खोलीत गेल्या. मी बाहेर बसलो. त्यांच्या सुनेनं जेवायला वाढलं, पप्पूचारूची आमटी आणि गोंगुरा, म्हणजे अंबाडीची चटणी. मी पोटभर जेवलो. निकालाची काळजीच नव्हती मला. मी सही केलेली नव्हती, हे माझ्याइतकं कोणाला माहीत?

तीनच्या सुमाराला आतून हाक आली.

"भाई, इधर बैठो." मायक्रोस्कोपसमोरच्या खुर्चीकडं बोट.

मी उभाच राहिलो. असल्या यंत्राच्या काचा मी रोज सकाळी मलमलच्या फडक्यानं पुसायचो. खुर्चीवर कधी बसलो नव्हतो. साहेब जेवायला गेल्यावर उभ्या उभ्या एक डोळा लावलेला, तेवढाच.

"बैठो ना. आता कोण मेमो देणार आहे?"

बसलो.

"आधी एक सांगा. पाकिटातल्या सह्या कोणाच्या?"

"माझ्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"नक्की?"

"मॅडम, पोलिसासारखं काय विचारता? माझ्या घरातले कागद, माझ्या नावाच्या सह्या."

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "मग हॉस्पिटलची सहीपण तुमचीच. पाकिटातल्या सगळ्या सह्या आणि ती, एकच हात आहे. त्यात मला काडीची शंका नाही."

मी खुर्चीवरून उठायला लागलो.

"थांबा, थांबा," त्या म्हणाल्या. "आज सकाळी माझ्यासमोर तुम्ही ज्या केल्या, आणि पेन्शनच्या कागदावरची, तो हात दुसराच आहे. आता तुम्हीच सांगा, तुम्ही कोण?"

त्यांनी दोन कागद शेजारी ठेवले. सकाळची माझी सही आणि प्रगतीपुस्तकावरची. म्हणाल्या, ही तुमची बघा. थांबत थांबत, पेन उचलत, रेघ सगळीकडं सारखी जाड. कोर्टाकडून आली असती तर मी डोळे झाकून लिहिलं असतं, चितारलेली आहे. आणि ही बघा. धावती, न अडखळता, टोकाला निमुळती. एकीसारखी दुसरी नाही आणि तरी सगळ्या बहिणी. "तुमची खरी सही खोटीसारखी दिसते, आणि ही दुसरी खरीसारखी. कारण ही कोणी नक्कल केलेलीच नाही. कोणीतरी वर्षानुवर्षं आपल्या सवयीनं तुमचं नाव लिहिलंय."

मला अजूनही उमगलं नाही. इतका मठ्ठ मी. चाळीस वर्षं घरात जे काम दुसरं कोणी करत असतं, ते आपणच केलं असं वाटायला लागतं.

"डोळा लावा," त्या म्हणाल्या. "वरची रेघ बघा. अक्षरांच्या डोक्यावरची."

डोळा लावला. निळी रेघ नाल्याएवढी रुंद दिसली. बॉलपेन कुठून कुठं गेलं ते शाईत कळतं. वळल्यावर पेन शाईचा छोटा गोळा टाकतं, शाईच्या आत बारीक ओरखडे पडतात, त्यांवरून पेनाची दिशा सांगता येते. हे मी हजारदा ऐकलेलं.

"तुम्ही ही रेघ डावीकडून उजवीकडं ओढता. सगळं जग तशीच ओढतं. या दुसऱ्या हातानं दरवेळी उजवीकडून डावीकडं ओढलीय. नाव लिहून संपलं, की तिथूनच पेन माघारी. सगळ्या कागदांवर. हॉस्पिटलच्यासुद्धा. इत्ते साल में मैं ऐसा नै देखी."

मी डोळा तसाच ठेवला. यंत्रावरून डोकं वर काढलं असतं तर मॅडमना माझं तोंड दिसलं असतं.

माझे सासरे निजामाच्या काळातले. शिकले ते उर्दूत, महसूल कचेरीत कारकून. मराठी त्यांना घरापुरती. मुलीला शाळेत घालायच्या आधी त्यांनी पाटीवर अक्षरं घरीच शिकवली, आणि उर्दूत सरावलेला हात वरची रेघ काढायला उजवीकडूनच निघायचा. तीच खोड हिनं उचलली. लग्न झालं तेव्हा किराण्याची यादी लिहिताना मी पहिल्यांदा बघितलं आणि म्हणालो, "अगं, घराला छप्पर उलट्या बाजूनं घालतेस." ती म्हणाली, "गळत नाही ना?"

आणि मग एकेक आठवायला लागलं. मला सही करायची म्हणजे चष्मा, मग पेन, मग पेन चालतं का बघायला वर्तमानपत्राचा कोपरा. पोस्टमन दारात उभा, शाळेची बस खाली उभी. ती पहिल्यांदा विचारायची, "मी करू का?" मग विचारेनाशी झाली. प्रगतीपुस्तकात पालकांचा शेरा तीच लिहायची, 'गणिताकडे लक्ष देऊ,' आणि त्याच दमात खाली माझं नाव. घरात भाजी कोणी चिरली हे कोणी विचारतं का? तसंच ते.

"मॅडम," मी म्हणालो, "प्रगतीपुस्तकातला शेरा आणि सही, एकच हात?"

"एकच हात. एकच पेन. मी तुम्हाला तेच विचारणार होते. शेरा कोणी लिहिला?"

"हिनं."

त्यांनी प्रगतीपुस्तक मिटलं. मग हळूच म्हणाल्या, "गजब कर दी भाभी."

मला हसू आलं. खरंच आलं. तीस वर्षं नमुन्यांचे नियम ऐकलेला माणूस, खोटी सही पकडायला त्याच हातच्या बावीस खोट्या सह्या तारखेप्रमाणं लावून, लाख मारून घेऊन गेला. नव्या कारकुनानं केलं असतं तर मोठ्या साहेबांनी त्याला खिडकीतून बाहेर फेकलं असतं.

मॅडम म्हणाल्या, लिहून देऊ का? मी म्हणालो, कोणाला दाखवायचं? त्या म्हणाल्या, तुमच्या लेकीला. मी म्हणालो, लेकीला मी तोंडानं सांगेन. त्यांनी पाकीट परत दिलं आणि दारापर्यंत सोडायला आल्या, ऑफिसात असताना कधी आल्या नव्हत्या.

काचीगुड्याहून सुलतान बाजारातून चालतच घरी आलो. गर्दी होती, कोणी धक्का दिला तरी मला कळत नव्हतं. मी हिच्याशी भांडत होतो. नळ्यांची भीती वाटली तर सांगायचं होतंस. रडायचं होतंस, शिव्या द्यायच्या होत्यास. मी रागावलो असतो, लेकीला फोन लावला असता, तुला ओढत नेलं असतं. हां. तेच तुला माहीत होतं. म्हणूनच मी अंघोळीला गेल्यावर पेन काढलंस. नर्सनं कागद ठेवला असेल, म्हणाली असेल, नवऱ्याची सही घेऊन ठेवा. आणि तू सवयीनं, एका दमात, डोक्यावरची रेघ उलटी ओढून, माझं नाव लिहिलंस, पोस्टमनच्या पावतीवर लिहावं तसं. आणि वर मला जिलबी आणू दिलीस.

एका बांगड्यांच्या दुकानासमोर मी मोठ्यानं काहीतरी बोललो असणार, कारण दुकानदारानं काय हवंय म्हणून विचारलं, "क्या होना चाचा?" मी म्हणालो, काही नाही.

घरी येऊन एक विचार आला, तोही सांगून टाकतो. लेकीला सांगूच नये असा. राग जिवंत माणसावर असलेला बरा, त्याला ऐकवता तरी येतं. आईवर रागवून ती कुठं जाणार? माझ्यावर आणखी दहा वर्षं रागवेल, मग मीही जाईन, संपलं. असला विचार करायला बरा वाटतो. मोठं मन असल्यासारखं वाटतं. पण मी तसला माणूस नाही. मला माझी लेक परत हवी होती. आणि केलेल्या गोष्टीबद्दल मी हव्या तेवढ्या शिव्या खाईन, न केलेल्या गोष्टीबद्दल एकही खाणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी केली, पाकीट काखेत मारलं आणि बसस्टँडाजवळून मियापूरची मेट्रो धरली. लेक तिकडं नवव्या मजल्यावर राहते. ऑफिसला निघायच्या बेतात होती, एका पायात सँडल, दुसरी हातात. दार उघडून माझ्याकडं बघत राहिली.

"बाबा? फोन तरी करायचा. बरं आहे ना?"

"बरं आहे. सही आईची आहे."

"काय?"

"कागदावरची माझी सही. ती तुझ्या आईनं केलीय. प्रगतीपुस्तकावरच्यापण तिच्याच. मी एकदाही केलेली नाही. मॅडमकडून तपासून आणलंय."

मी तिथंच दारात पाकिटातून दोन कागद काढून तिच्या हातात दिले. रेघेचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं, शेरा आणि सही एकाच पेनाची कशी ते दाखवलं. ती शिकलेली, तिला दोनदा सांगावं लागलं नाही. दाराशी चपलांचं बसकं कपाट आहे, त्यावर ती बसली. दोन्ही कागद मांडीवर घेतले.

"तुम्हाला विचारलं असतं तर केली असती सही?"

"नसती केली. म्हणून तर तिला करावी लागली."

तिनं मान हलवली. हातातली सँडल खाली ठेवली. "मी तुम्हाला खोटारडं म्हणाले."

"म्हणालीस."

"आणि आता आईवर रागवू?"

"रागव. मी कालपासून रागावलोय. एकट्याला झेपत नाही."

ती हसली का रडली ते मी बघितलं नाही. ती कपाटावर थोडी सरकली. मी चपला काढल्या आणि तिच्या शेजारी बसलो.